धंद्याचा ईमेल आणि कॉम्प्युटरवरची कागदपत्रं : वाद झाला तर टिकतील अशी कशी सांभाळायची

कोल्हापूरच्या औद्योगिक भागात, शिरोलीत, गोकुळ शिरगावात, उद्यमनगरात कुठल्याही ऑफिसात जावा, पीओ (पर्चेस ऑर्डर, म्हणजे माल मागवल्याचं पत्र) मेलवर आलेली असते, ड्रॉइंग मेलवर, रेट व्हॉट्सॲपवर ठरलेला, चलनाची पीडीएफ, आणि कपाटातल्या बॉक्स फायलीत फक्त इन्व्हॉइसच्या प्रिंटा. म्हणजे व्यवहाराचा खरा पुरावा सगळा कॉम्प्युटरात आणि मोबाईलमध्ये, पण तो कुणाच्या ताब्यात आहे, कुठे साठवलाय, माणूस सोडून गेला तर त्याच्याबरोबर जातो का, ह्याचा विचार पेमेंट अडकल्यावरच सुरू होतोय. मी इथल्या छोट्या-मध्यम कारखान्यांची ऑफिसातली कामं बघतो, त्यामुळं हे रोज डोळ्यासमोर असतंय. केस उभी राहिली तर वकील गाठायचाच, पण वकिलाच्या हातात काय द्यायचं ते आधीपासून आपल्यालाच सांभाळावं लागतंय, म्हणून हे सगळं क्रमानं लिहितोय.

आधी एक गैरसमज काढूया. "सही-शिक्का नाही, नुसता मेल आहे, त्याला काय अर्थ" असं अजून लई लोक म्हणतात. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा आहे, त्याचं कलम ४ सांगतं की जिथं कायद्याला लेखी कागद लागतो तिथं इलेक्ट्रॉनिक नोंद चालते, आणि कलम १०अ सांगतं की ऑफर आणि होकार मेलवर झाला एवढ्याच कारणानं करार रद्द ठरत नाही. सुप्रीम कोर्टाचा २०१० चा ट्रायमेक्स विरुद्ध वेदांता ॲल्युमिनियम हा निकाल ह्यातला सगळ्यात उपयोगाचा. बॉक्साइटच्या ५ जहाजांचा सौदा मेलवर ठरला, पक्का करार सही व्हायचा राहिला, आणि मग समोरची पार्टी म्हणाली की करार झालेलाच नाही. कोर्टानं सांगितलं, माल काय, भाव काय, डिलिव्हरी कशी, पेमेंट कसं हे सगळं मेलमध्ये ठरलंय म्हणजे करार झालेला आहे. हे दोन्ही बाजूंनी लागू होतंय हे लक्षात ठेवा, तुम्ही घाईत "ओके कन्फर्म" लिहिलं तर तुम्हीही बांधले जाताय.

पहिलं काम : मेलबॉक्स स्वतःच्या ताब्यात घ्या

बहुतेक ठिकाणी काय असतं की कंपनीचा मेल म्हणजे कुणीतरी पाच-सात वर्षांपूर्वी उघडलेलं फुकटचं जीमेल, त्याचा रिकव्हरी नंबर जुन्या अकाउंटंटचा, पासवर्ड तिघांना माहीत, आणि मार्केटिंगवाला तर स्वतःच्या पर्सनल आयडीवरूनच कोटेशन पाठवतोय. तो उद्या सोडून गेला की कस्टमरशी झालेला सगळा पत्रव्यवहार त्याच्यासोबत गेला, आणि तो त्याचा पर्सनल आयडी असल्यामुळं तुम्ही जबरदस्तीनं उघडूही शकत नाही, विनापरवानगी दुसऱ्याचं अकाउंट उघडणं हा ह्याच कायद्याखाली गुन्हा होऊ शकतो.

म्हणून कंपनीच्या नावाचं डोमेन घ्या, वर्षाचा खर्च फार नसतो, आणि डोमेन मालकाच्या किंवा कंपनीच्या नावावर घ्या, वेबसाइट बनवणाऱ्या पोराच्या नावावर नको. ॲडमिनचा पासवर्ड मालकाकडं. पर्चेस, सेल्स, अकाउंट्स असे कामाच्या नावानं आयडी काढा, माणूस बदलला तरी आयडी तोच राहतोय. टू स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा. आणि अपॉइंटमेंट लेटरमध्ये साध्या मराठीत लिहा की कंपनीचा मेल कामासाठीच आहे, कंपनी तो बघू शकते, आणि नोकरी सोडताना सगळं हँडओव्हर करायचं. ह्यावर कामगाराची सही असली की पुढं भांडण होत नाही.

जे अजून फुकटच्या जीमेलवर आहेत त्यांनी दोन गोष्टी बघा. १५ जीबी जागा भरली की नवीन मेल यायचे बंद होतात आणि पाठवणाऱ्याला परत जातात. आणि जो आयडी दोन वर्षं कुणी उघडलाच नाही तो गूगल डिलीट करू शकतं, जुन्या फर्मचा आयडी असाच जातोय.

दुसरं : तुमचा अधिकृत मेल कुठला ते लिहून द्या, आणि सरकारी नोंदीतला तपासा

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १३ मध्ये एक बारीक मुद्दा आहे जो फार कमी लोक वापरतात. तुम्ही जर एखादा मेल आयडी ठरवून दिला असेल तर मेल त्या आयडीवर पोचला की तुम्हाला मिळाला असं धरतात, तुम्ही उघडो न उघडो. पण समोरच्यानं भलत्याच आयडीवर पाठवला तर तो तुम्ही उघडाल तेव्हाच मिळाला असं धरतात. म्हणून कोटेशन, पीओ, इन्व्हॉइस सगळ्यावर खाली एक ओळ छापून घ्या, "ह्या व्यवहाराचा सर्व पत्रव्यवहार फक्त ह्या ईमेलवर करावा", आणि समोरच्याकडूनही तसा आयडी लेखी मागून घ्या. एका ओळीचं काम आहे, पण "मला मेल मिळालाच नाही" हा वाद निम्मा तिथंच संपतोय.

आता जीएसटी. हे मी जरा जोर देऊन सांगतो कारण ह्यात लोकांचं खरंच नुकसान होतंय. सीजीएसटी कायद्याच्या कलम १६९ प्रमाणे रजिस्ट्रेशनच्या वेळी दिलेल्या मेलवर नोटीस पाठवली किंवा पोर्टलवर टाकली तरी ती बजावली असं धरता येतं. आणि रजिस्ट्रेशनला दिलेला मेल बऱ्याचदा ज्यानं रजिस्ट्रेशन करून दिलं त्या टॅक्सवाल्याचा असतो! नोटीस त्याच्या इनबॉक्समध्ये पडून राहते, उत्तर जात नाही, एकतर्फी ऑर्डर होते, आणि अपिलाची मुदत ऑर्डर मिळाल्यापासून ३ महिने, त्यावर योग्य कारण दाखवून अजून फक्त १ महिना. त्यानंतर अपील अधिकाऱ्याच्याही हातात काही राहत नाही. तेव्हा आजच लॉगिन करून प्रोफाइलमधला मेल आणि मोबाईल कुणाचा आहे बघा, आपला टाका, आणि आठवड्यातून एक दिवस ठरवून पोर्टलवरच्या नोटिसांच्या दोन्ही टॅब उघडून बघायची सवय लावा, साध्या नोटिसांची आणि "ॲडिशनल नोटिसेस"ची, कारण नोटीस दुसऱ्याच टॅबमध्ये पडलीय असंही होतं. इन्कम टॅक्स, पीएफ, ईएसआय, उद्यम (छोट्या-मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी), सगळीकडं हाच तपास करा.

तिसरं : फोनवर ठरलेलं त्याच दिवशी मेलवर टाका

आपल्याकडं धंदा तोंडी चालतो आणि विश्वासावर चालतो, ते चांगलंच आहे, पण विश्वास असला तरी लिहायला काही हरकत नसते. फोन झाला की पाच मिनिटांत असा मेल टाका, मराठीत टाकला तरी चालतो:

"साहेब नमस्कार, आज सकाळी फोनवर ठरल्याप्रमाणे पीओ ४५१२ मधल्या पंप केसिंगचा रेट किलोला ३ रुपये वाढवून देण्याचं आपण मान्य केलं आहे. हा रेट १ तारखेपासूनच्या डिस्पॅचला लागू राहील. पॅटर्नमधल्या बदलाचा खर्च आपल्याकडं. ह्यात काही चुकलं असेल तर उद्या संध्याकाळपर्यंत कळवावं. सुधारित पीओची वाट बघतो."

ह्यात पीओ नंबर आहे, आकडा आहे, तारीख आहे, आणि समोरच्याला चूक दाखवायची संधी दिलीय. नुसतं गप्प बसणं म्हणजे होकार असं कायदा म्हणत नाही, पण अशा मेलनंतर त्यानं वाढीव रेटची बिलं घेतली आणि माल वापरला तर त्याला नंतर फिरणं अवघड जातंय. जुन्याच मेलला रिप्लाय करत राहा म्हणजे साखळी एकत्र राहते, आणि सब्जेक्टमध्ये पीओ नंबर पाहिजेच.

फाउंड्रीवाल्यांचा सगळ्यात दुखरा विषय म्हणजे रिजेक्शन. माल जाऊन दोन-दोन महिने होतात, मशिनिंग झाल्यावर ब्लो होल (ओतकामातली आतली भोकं) दिसले म्हणून डेबिट नोट, म्हणजे बिलातून रक्कम कापल्याची चिठ्ठी येते, तीही बरेचदा पेमेंट मागितल्यावर. छोट्या उद्योगांचं पेमेंट वेळेत मिळावं म्हणून असलेला एमएसएमईडी कायदा २००६ बघा. तुम्ही सूक्ष्म किंवा लघु उद्योग असाल आणि माल पाठवायच्या आधीपासून उद्यम नोंदणी असेल तर लेखी करार असला तरी पेमेंट जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करारच नसेल तर १५ दिवसांत, आणि उशिराला रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, महिन्याच्या चक्रवाढीनं व्याज. हे दिवस कधीपासून मोजायचे? माल स्वीकारल्यापासून. आणि डिलिव्हरीनंतर १५ दिवसांत खरेदीदारानं लेखी हरकत घेतली नाही तर माल डिलिव्हरीच्या दिवशीच स्वीकारला असं कायदा धरतो. आतला दोष नंतर दाखवायचा त्याचा हक्क ह्यामुळं अगदी संपला असं नाही, तो करारातल्या अटींचा वेगळा विषय आहे, पण पेमेंटची तारीख हलवायला त्याला जागा राहत नाही.

म्हणजे माल पोचल्याचा पुरावा आणि १५ दिवसांत हरकत आली की नाही ह्याचा पुरावा, दोन्ही मेलमध्ये पाहिजेत. गाडी गेली की चलन, ई-वे बिल आणि हीट नंबरसकट (कुठल्या वितळणीतला माल तो नंबर) टेस्ट सर्टिफिकेट एकाच मेलला जोडून पाठवा. स्टोअरचा शिक्का मारलेलं चलन परत आलं की स्कॅन करून त्याच साखळीत टाका. हरकत आली तर त्याच दिवशी "मिळाली, तपासतो, पीस परत पाठवा" असं उत्तर द्या. अडकलेल्या पेमेंटच्या तक्रारीसाठी सरकारी पोर्टलवर अर्ज करायची वेळ आली की हीच साखळी उचलून लावायची.

अजून एक. उधारीची मुदत साधारण ३ वर्षं असते, पण ती संपायच्या आत देणेकऱ्यानं लेखी कबुली दिली तर तिथून नवी ३ वर्षं सुरू होतात. कर्नाटक हायकोर्टानं २०१३ मध्ये मेलवरची कबुलीही त्यासाठी मानली आहे. म्हणून दर मार्चनंतर बॅलन्स कन्फर्मेशनचा, म्हणजे किती बाकी आहे ते मान्य करून घ्यायचा मेल पाठवायचाच आणि उत्तर आल्याशिवाय सोडायचं नाही. आणि आपण जिथं देणं लागतो तिथं "देतो हो, जरा थांबा" असं लिहिताना हेच आपल्यालाही लागू आहे हे लक्षात असू द्या.

चौथं : सही, डीएससी (डिजिटल सिग्नेचर सर्टिफिकेट) आणि स्टॅम्प

सहीचा फोटो काढून पीडीएफवर चिकटवणं म्हणजे कायद्यातली इलेक्ट्रॉनिक सही नव्हे. असं कागदपत्र अगदीच निरुपयोगी नसतं, पण सही माझी नाही म्हटलं की सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर येतं. कायद्यानं मानलेल्या म्हणजे आधारवर चालणारी ई-साइन किंवा परवानाधारक संस्थेनं दिलेलं डीएससी. मोठी रक्कम, वर्षाचा रेट कॉन्ट्रॅक्ट, जॉबवर्कचा करार, गुप्ततेचा करार, ह्यांना ह्यातलीच सही घ्या.

डीएससीच्या पेनड्राइव्हबद्दल, म्हणजे डोंगलबद्दल मात्र कळकळीनं सांगतो. कोल्हापुरात कुठल्याही टॅक्स कन्सल्टंटच्या ड्रॉवरमध्ये बघा, रबर बँड लावलेले, नावाची चिठ्ठी चिकटवलेले डझनावारी डोंगल असतात आणि पासवर्ड त्या चिठ्ठीवरच. माणूस प्रामाणिक असेलही, पण त्या डोंगलनं केलेली सही ही तुमचीच सही आहे, आणि ती चावी स्वतःच्या ताब्यात ठेवायची जबाबदारी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४२ नं तुमच्यावर टाकलीय. डोंगल परत आणा. फायलिंगच्या वेळी घेऊन जावा किंवा ऑफिसातून लावा, आणि कधी दिला कधी परत आला ह्याची वहीत नोंद करा.

ई-साइन केलं म्हणून स्टॅम्प ड्युटी माफ होत नाही. महाराष्ट्र मुद्रांक कायद्यात "दस्त" ह्या व्याख्येतच इलेक्ट्रॉनिक नोंद धरलीय. साध्या कराराला पूर्वी १०० चा स्टॅम्प चालायचा, ऑक्टोबर २०२४ पासून ५०० चा लागतो. स्टॅम्प नसलेला करार कोर्टात पुढं करता येत नाही, आधी तूट आणि दंड भरावा लागतो. आणि मृत्युपत्र, ट्रस्ट, घरगुती मुखत्यारपत्र हे मेलवर करायच्या भानगडीत पडू नका, ते कागदावरच. जमिनीच्या व्यवहाराला तर रजिस्ट्रेशन ऑफिसला जावंच लागतंय.

पाचवं : काय किती वर्षं ठेवायचं

जीएसटीचे हिशेब आणि कागदपत्रं त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने. म्हणजे २०२३-२४ चं वार्षिक रिटर्न भरायची मुदत ३१ डिसेंबर २०२४, तर ते कागद ३१ डिसेंबर २०३० पर्यंत, आणि अपील चालू असेल तर त्याच्या निकालानंतरही काही काळ. प्रायव्हेट लिमिटेड असाल तर हिशेबाची पुस्तकं ८ आर्थिक वर्षं, अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये एडिट लॉग (काय, कधी बदललं ह्याची आपोआप नोंद) चालू पाहिजे, तो १ एप्रिल २०२३ पासून सक्तीचा आहे, आणि बॅकअप रोज भारतातल्या सर्व्हरवर. प्रोप्रायटर, पार्टनरशिप असाल तरी मी तरी सरसकट ८ वर्षंच सांगतो, वेगवेगळे हिशेब लक्षात ठेवत बसण्यापेक्षा ते सोपं. टर्नओव्हर ५ कोटींच्या वर गेलेल्यांनी ई-इन्व्हॉइसची नुसती प्रिंट न ठेवता क्यूआर कोडची पीडीएफ आणि आयआरएनची (सरकारी पोर्टलनं इन्व्हॉइसला दिलेल्या नंबरची) फाईलही ठेवायची.

ठेवायचं म्हणजे कसं, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७ प्रमाणे मूळ स्वरूपात, नंतर उघडता येईल असं, आणि कुणी कुणाला कधी पाठवलं हे कळेल असं. मेलची प्रिंट काढून मेल डिलीट केला तर ह्यातलं काहीच राहत नाही. वर्षअखेरीला सगळा मेलबॉक्स एक्स्पोर्ट करून दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्या, एक ऑफिसात, एक घरी. २०१९ आणि २०२१ च्या पुरात ज्यांचं ऑफिस पाण्यात गेलं त्यांना हे वेगळं सांगायला नको, पण डिस्क तळमजल्यावर ठेवू नका एवढं सांगतो.

सहावं : कोर्टात द्यायची वेळ आली तर

१ जुलै २०२४ पासून जुन्या एव्हिडन्स ॲक्टच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. पूर्वीचं ६५ब आता कलम ६३ झालंय. मेलची प्रिंट, चॅटची प्रिंट, पेनड्राइव्हवरची कॉपी द्यायची तर सोबत सर्टिफिकेट लागतंच. ह्यावरचा मोठा निकाल आपल्या महाराष्ट्रातलाच, जालन्याच्या विधानसभा निवडणुकीचा, अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल, सुप्रीम कोर्ट, २०२०. मूळ कॉम्प्युटर किंवा फोनच मालकानं कोर्टात हजर केला तर गोष्ट वेगळी, नाहीतर सर्टिफिकेट सक्तीचं, असं त्यात ठरलं.

नव्या कायद्यात सर्टिफिकेटचा नमुनाच दिलाय. भाग अ तुम्ही भरायचा, भाग ब तज्ज्ञानं. त्यात यंत्राची कंपनी, मॉडेल, सीरियल नंबर, ते तुमच्या ताब्यात नियमित वापरात होतं का, आणि फाईलची हॅश व्हॅल्यू द्यावी लागते. हॅश म्हणजे त्या फाईलचा अंगठाच समजा, आतलं एक अक्षर बदललं तरी पूर्ण वेगळी येते. करायचं असं. जीमेलमध्ये मेल उघडा, उजवीकडच्या तीन टिंबांवर जाऊन "डाउनलोड मेसेज" दाबा, ईएमएल फाईल उतरते, तिच्यात सगळे हेडर आणि अटॅचमेंट असतात. तिथलंच "शो ओरिजिनल" उघडून डीकेआयएम "पास" आहे का बघा, मेल खरंच त्या डोमेनवरून निघालाय हे त्यातून दिसतं. मग फाईलची एसएचए२५६ हॅश काढा, विंडोजमध्येच त्याची सोय आहे, कॉम्प्युटरवाला दोन मिनिटांत दाखवतो. फाईलचं नाव, हॅश, तारीख, कुणी काढली, कुठल्या मशीनवर, हे एका कागदावर लिहून सही करा. वाद दिसायला लागला त्याच आठवड्यात हे केलेलं बरं, दोन वर्षांनी तो कॉम्प्युटर भंगारात गेलेला असतो.

व्हॉट्सॲपचंही तसंच. नुसते स्क्रीनशॉट कमजोर पडतात. चॅट एक्स्पोर्ट करा, धंद्याच्या ग्रुपवर मेसेज आपोआप गायब होण्याची सेटिंग बंद ठेवा, आणि फोन बदलला तरी जुना हँडसेट केस संपेपर्यंत विकू नका. २०१८ मध्ये मुंबई हायकोर्टानं व्हॉट्सॲपवर पाठवलेली नोटीस निळ्या टिका बघून पोचली असं धरलं होतं, त्यामुळं अशी नोटीस आली तर दुर्लक्ष करू नका. आता तर ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे, समोरचाही तिथं जाऊ शकतो.

नोटीस आली किंवा द्यायची ठरली की त्या पार्टीचं काहीही डिलीट करायचं नाही, नकोसा वाटणारा मेलसुद्धा. पुरावा म्हणून हजर होऊ नये म्हणून इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली गुन्हा आहे. ऑफिसातल्या सगळ्यांना तसं मेलवर कळवा. आणि वकिलाशी झालेले मेल वेगळ्या फोल्डरला ठेवा, ते गुप्त राहण्याचा हक्क तुम्हाला आहे, म्हणून ते ग्रुपवर किंवा सप्लायरला फॉरवर्ड करू नका.

सातवं : "आमचं बँक खातं बदललंय"

असा मेल आला की थांबा. सप्लायरच्या जुन्याच मेलसाखळीत, त्याच भाषेत, इन्व्हॉइससकट येतो, आयडीमध्ये फक्त एक अक्षर इकडचं तिकडं असतं. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही, तर आपल्याकडं आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून विचारा, आणि खातं बदलताना मालकाची लेखी परवानगी लागेल असा नियम करा. पैसे गेलेच तर त्याच तासाला सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला म्हणजे १९३० ला फोन, बँकेला फोन आणि मेल, मग सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार. कंपनीचा मेल हॅक झाला असेल तर सर्ट-इन ह्या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला ६ तासांत कळवायचा आदेश एप्रिल २०२२ पासून आहे. तो फसवा मेल डिलीट करू नका, मूळ स्वरूपात उतरवून ठेवा.

शेवटी, काय ठेवायचं नाही

कामगारांच्या आधारच्या कॉप्या, पॅन, बँक पासबुकाचे फोटो, मेडिकलचे कागद हे मेलमध्ये आणि ऑफिसच्या ग्रुपवर पडलेले असतात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झालाय, नियमही नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेत आणि टप्प्याटप्प्यानं लागू होतायत, सुरक्षेत हयगय केली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी आहे. छोट्या कारखान्याला एवढा दंड होईल असं नाही, पण ते कागद आपल्या माणसांचे आहेत. ते एका पासवर्डच्या फोल्डरला एचआर किंवा मालकापुरते ठेवा, ग्रुपवरून काढून टाका, आणि सोडून गेलेल्याचे पीएफ, ईएसआय, पगार ह्यांची मुदत संपली आणि कुठला वाद नसेल तर पुसून टाका, काय आणि कधी पुसलं त्याची रजिस्टरला एक ओळ लिहून.